दोष भिंतीचा नव्हता, दुभाष्याचा होता!

"बाबा, पुन्हा गेलं!"

गेल्या उन्हाळ्यात ही हाक आमच्या घरात दिवसातून तीन-चार वेळा ठरलेली असायची. सूनबाई माजघरात लॅपटॉप घेऊन बसलेली असे. पुण्याच्या एका कंपनीचे हिशेब ती जैनाबादेत बसून पाहते. पलीकडे तिचे साहेब बोलत असत आणि ऐन मोक्याला वायफाय गुल! पडद्यावर साहेबांचे तोंड उघडे ते उघडेच राही. नात मात्र खो खो हसायची.

पहिल्या-पहिल्यांदा आम्हीही हसलो. पण एके दिवशी सूनबाई जेवताना गप्पच होती. रात्री मुलाने हळूच सांगितले, "बाबा, महिनाभरात हे सुधारलं नाही, तर तिला पुण्यात ऑफिसला हजर व्हावं लागेल. मग आम्हा सगळ्यांनाच निघावं लागेल."

वाचकहो, मी निवृत्त शिक्षक. घरधनीण जाऊन चार वर्षे झाली. या पोरांना इथे राहा म्हणून आग्रह मीच केला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. एक भरले घर मोडायला निमित्त काय, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी!

दुसऱ्या दिवसापासून दोष शोधायची मोहीम सुरू झाली. मुलगा म्हणाला, आपल्या जुन्या घराच्या भिंती हातभर जाडीच्या, त्या लहरी अडवतात. शेजारी म्हणाले, राउटर बदला. मला स्वतःला मिक्सरचा संशय होता! राउटर बदलून झाला, जागा बदलून झाली, दोन हजारांवर खर्च झाला. हाक मात्र तीच, "बाबा, पुन्हा गेलं!"

तेव्हा मला आठवला तो तापीपलीकडचा कुंडी भंडारा. शाळेची सहल घेऊन किती वेळा गेलो असेन! अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून बऱ्हाणपूर शहरात आणले गेले. वाटेत शंभराहून अधिक कुंड्या. मुलांना मी विचारायचो, "शहरात पाणी आलं नाही, तर काय कराल?" एखादा हुशार मुलगा सांगायचा, "गुरुजी, एकेक कुंडी पाहत मागे जायचं. पाणी कुठवर येतं ते बघायचं." मुलांना शिकवलेले मास्तर स्वतः मात्र विसरला होता!

मग मी एक वही घातली. वायफाय गेले की वेळ लिहायची, लॅपटॉप कुठे होता, चार्जर लावलेला होता का, आणि त्याच वेळी मोबाइलवर वायफाय चालू होते का. यात एक खुबी आहे. वायफाय गेले की मोबाइल गुपचूप सिमकार्डाच्या डेटावर जातो आणि आपल्याला वाटते सारे ठीक आहे. म्हणून मोबाइलचा डेटा बंद ठेवूनच पाहिले.

आठ दिवसांचा हिशेब असा निघाला. लॅपटॉपवर वायफाय तेवीस वेळा तुटले. मोबाइलवर फक्त दोनदा, तेही वीज गेली तेव्हा. लॅपटॉप राउटरला खेटून ठेवला तरी तुटायचे. म्हणजे भिंत सुटली, राउटर सुटला, जोडणी देणाराही सुटला. पाणी शेवटच्या कुंडीपर्यंत येत होते, अडत होते ते घागरीतच! आणि एक गोष्ट ठळक दिसली. तेवीसपैकी सतरा वेळा लॅपटॉप चार्जरविना, बॅटरीवर चालत होता.

वही घेऊन मी बऱ्हाणपुरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात गेलो. संगणक दुरुस्तीचे काम करतो. वही पाहून तो म्हणाला, "सर, अर्धं काम तुम्हीच केलंत. ड्रायव्हर बघावा लागेल."

"अरे, गाडी कुठे आहे आपल्याकडे?" मी म्हणालो. तो हसला आणि त्याने मला समजेल असे सांगितले. लॅपटॉपच्या आत वायफायच्या लहरी पकडणारा एक छोटा भाग असतो, त्याला अडॅप्टर म्हणतात. विंडोजची भाषा वेगळी, त्या भागाची वेगळी. दोघांमध्ये जो छोटा प्रोग्रॅम दुभाष्याचे काम करतो, तो ड्रायव्हर. आम्हा सीमेवरच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. घरात मराठी, कचेरीत हिंदी. माझी आई तहसीलमध्ये जाताना नेहमी कुणाला तरी सोबत न्यायची. सोबतचा माणूस अर्धवट ऐकणारा निघाला, तर काम अडलेच समजा. आमच्या लॅपटॉपमधला दुभाषी पाच वर्षांपूर्वीचा होता. या काळात बाकीची प्रणाली कितीदा तरी अद्ययावत झाली होती.

रविवारी तो घरी आला. त्याने काय केले, ते वाचकांच्या उपयोगासाठी क्रमाने देतो.

आधी 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली त्या भागाचे नाव आणि ड्रायव्हरची तारीख कागदावर लिहून घेतली. मग 'रिस्टोअर पॉइंट' तयार केला, म्हणजे काही बिघडले तर पूर्वस्थितीवर परत येता येते. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला असलेला मॉडेल क्रमांक पाहून, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर उतरवला. वायफायचा भरवसा नव्हता, म्हणून त्या वेळी मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्याचे इंटरनेट वापरले. ड्रायव्हर बसवला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण चाळीस मिनिटांनी वायफाय पुन्हा गेले! सूनबाईचा चेहरा उतरला. विद्यार्थी मात्र म्हणाला, "सर, तुमची वही काय सांगते? बॅटरीवर असताना जास्त जातं ना?" त्याने त्याच अडॅप्टरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' उघडले. वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करायची मुभा संगणकाला देणारी खूण तिथे होती, ती त्याने काढली. बॅटरी वाचवायला या भागाला मधूनच झोपवले जात होते, आणि जाग यायला त्याला वेळ लागत होता. काही नव्या लॅपटॉपांत हे पान दिसत नाही. तिथे वीजबचतीच्या इतर सेटिंग्ज पाहाव्या लागतात.

त्याने जाता जाता आणखी सूचना दिल्या. 'सगळे ड्रायव्हर फुकटात नवे करून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमच्या नादी लागू नका. नव्या ड्रायव्हरने बिघाड वाढला, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून जुना परत आणता येतो. सुरळीत चाललेल्या लॅपटॉपचा ड्रायव्हर उगाच हौसेने बदलू नका. आणि ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे, त्यांनी ध्यानात ठेवावे की त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

मी पुन्हा आठ दिवस वही चालू ठेवली. लॅपटॉपवर वायफाय एकदाच गेले, ते वीज गेल्यामुळे. महिनाअखेर सूनबाईने फोन ठेवला आणि माझ्यासमोर पेढा धरला. "बाबा, इथूनच काम करायला हरकत नाही म्हणाले!"

पेढा गोड लागला, खोटे कशाला सांगू? पण त्या रात्री मी दोघांना बसवून एक गोष्ट सांगितली. "पोरांनो, उद्या तुम्हाला पुण्यात जावंसं वाटलं, नातीच्या शिक्षणासाठी जावं लागलं, तर जरूर जा. माझी काळजी करू नका. पण जाल ते तुमच्या मनाने जा. एका जुन्या ड्रायव्हरमुळे जाऊ नका."

सूनबाई काही बोलली नाही. तिने फक्त ती वही उचलून देवघराशेजारच्या फडताळात जपून ठेवली.

घरातल्या माणसांचेही असेच असते की काय, असे मला हल्ली वाटते. बोलणे मधेच तुटले की आपण भिंतीला दोष देतो, शेजाऱ्याला देतो. कुठवर नीट पोहोचते आहे आणि कुठे अडते आहे, ते एकेक कुंडी पाहत मागे जायला हवे. माझे म्हणाल, तर 'मला एकटं वाटेल' हे साधे वाक्य मी चार वर्षांत मुलाला एकदाही बोललो नव्हतो. 'इथेच राहा' एवढाच हट्ट धरला होता. त्या रात्री तेही बोलून टाकले.

असो. आता माजघरातून हाक येते, पण ती चहासाठी!