दसऱ्यापुरता निघणारा कॅमेरा

काकांच्या स्टुडिओतल्या फोटोंच्या पाठीवर जांभळ्या शाईचा शिक्का आहे. काहींवर ‘वाशिम, जि. अकोला’, काहींवर ‘वाशिम, जि. वाशिम’. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि काकांनी लगेच नवा रबरी शिक्का करून आणला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत हे फोटो आता एकत्र आहेत. तारीख बहुतेकांवर नाही, पण उलटून पाहिलं की फोटो त्या दिवसाच्या अलीकडचा की पलीकडचा ते कळतं. जुन्या शिक्क्याचे फोटो दोन डबे भरून आहेत. नव्या शिक्क्याचे, काकांनी स्वतः धुतलेले काळेपांढरे फोटो, एका पाकिटात मावतात.

दोन्ही शिक्क्यांचे फोटो एकाच कॅमेऱ्याचे. याशिका मॅट १२४ जी. एकावर एक दोन डोळे असलेला, वरून झाकण उघडून खाली मान घालून पाहायचा. वरचा डोळा पाहायला, खालचा फोटो काढायला. १२० नंबरच्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे चौकोनी बारा फोटो. जपानात हा कॅमेरा १९७० ते १९८६ या काळात बनत होता. काकांनी १९८०मध्ये मुंबईत वापरलेलाच विकत घेतला. त्याआधी घरात बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री होता. त्याच्यावर ऊन आणि ढग एवढंच निवडता यायचं. तो हौसेचा. याशिका आला आणि काकांचं पोट त्याच्यावर चालू लागलं.

मी तेव्हा दहा वर्षांचा. बालाजी मंदिराजवळच्या देवतलावाच्या पायऱ्यांवर काकांनी मला पहिला धडा दिला, तो कॅमेऱ्याला हात न लावता. मला उन्हात उभं केलं आणि म्हणाले, “बाबू, कॅमेऱ्याकडं काहून पाहतं? आपली सावली पाह्य.” सावलीची कड कापल्यासारखी असेल तर छिद्र सोळावर. कड जराशी मऊ झाली तर अकरावर. सावली आहे-नाही अशी वाटली तर आठ, आणि सावलीच पडत नसेल तर पाच-सहा. शटरचा वेग रोलच्या वेगाएवढा ठेवायचा. त्या काळी पूर्व जर्मनीचा ऑर्वो एनपी २२ मिळायचा, त्याचा वेग १२५, म्हणून शटर १२५वर. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ही काका घ्यायचे. जगभरच्या छायाचित्रकारांना हा हिशेब माहीत आहे हे मला फार नंतर समजलं. लहानपणी तो मला काकांचा आणि वऱ्हाडातल्या उन्हाचाच वाटायचा.

कॅमेऱ्यात प्रकाशमापक होता, पण काका त्याला विचारत, त्याचं ऐकत नसत. सुई काय म्हणते ते पाहायचं, सावली काय म्हणते ते पाहायचं, आणि दोघांत फरक पडला तर सावलीचं मानायचं. बाकीचे नियम मात्र सक्त. आधी वेग लावायचा, मग चावी फिरवायची. बाजूची ‘व्ही’ अक्षराची आपोआप फोटो काढणारी कळ कधीच ओढायची नाही, कारण जुन्या शटरमध्ये ती अडकली की सगळं शटरच बसतं. काच तोंडाने फुंकायची नाही, रबरी ब्लोअर वापरायचा. आणि दसऱ्याला पूजा करताना हळदकुंकू चामड्याच्या केसला लावायचं, कॅमेऱ्याला नाही. कुंकवाचा कण पाहण्याच्या काचेखाली गेला तर तो पुढे प्रत्येक चेहऱ्यावर दिसत राहतो, असं ते काकूला दरवर्षी सांगत. काकू झेंडूचं फूल केसवर ठेवायची आणि कॅमेरा शेजारी पाटावर उघडा बसायचा.

स्टुडिओमागची चार बाय सहाची खोली म्हणजे डार्करूम. डेव्हलपर डी-७६, घरीच बनवलेला. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, पाणी घालून एक लिटर. दोन-दोन ग्रॅम मोजायला शेजारच्या सोनाराचा काटा. हायपोमध्ये फिटकरी, म्हणजे फिल्मवरचा जिलेटिनचा थर घट्ट होतो. रसायनं सांगितल्याप्रमाणे वागायची. आमचं खरं झगडणं असायचं पाण्याशी. पुस्तकातला वेळ २० अंशांच्या पाण्यासाठी दिलेला, आणि वाशिमला मे महिन्यात नळाचं पाणीही तिशीच्या वर. मग बर्फाच्या कारखान्यातून पोत्यात गुंडाळलेली लादी यायची, घमेल्यात फोडायची, तिच्यात डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी अशा तिन्ही बाटल्या बुडवायच्या. तिन्हींचं तापमान सारखं हवं. डेव्हलपर थंड आणि धुवायचं पाणी गरम असं झालं की थर आकसतो, फुगतो आणि फोटोभर सुरकुत्या पडतात.

१९८९च्या मे महिन्यात माझ्या हातून एक रोल याहूनही वाईट गेला. काका बाहेर होते. मी छतावरच्या टाकीच्या पाण्याने रोल धुतला. भर दुपारची टाकी, पाणी जवळजवळ चहासारखं. रील उघडली तेव्हा काही ठिकाणी थर सुटून बोटाला चिकटला होता. रिसोडकडच्या एका गावातलं लग्न होतं ते. काका मला बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने कॅमेरा घेऊन त्या गावी गेले, पैसे परत केले आणि नवरा-नवरीला लग्नाचे कपडे पुन्हा घालायला लावून घरच्यांसह ओट्यावर बसवून एक रोल काढून आले. तो रोल त्यांनी मलाच धुवायला दिला. थर्मामीटर माझ्या हातात होता आणि ते दारात उभे होते, पाठ करून.

मार्च १९९४. कारंज्याहून जाणाऱ्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन आता काढणार, अशी कुणकुण होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, दोन रुळांत ७६२ मिलिमीटरचं अंतर. तिचं इंजिन १९२१मध्ये मँचेस्टरला बनलेलं आणि १९२३पासून तिला ओढणारं. काका म्हणाले, “चाल, पाहून येऊ.” मंगरूळपीरमार्गे एसटीने आम्ही कारंज्याला गेलो. कॅमेऱ्यात एकच रोल.

त्या दुपारी मला सावलीचा हिशेब खऱ्या अर्थाने कळला. काळंकुट्ट इंजिन जवळून पाहून प्रकाशमापकाची सुई सांगत होती, प्रकाश कमी आहे, छिद्र उघडा. तसं केलं असतं तर इंजिन राखाडी आणि वाफ नुसती पांढरी, चुन्याच्या भिंतीसारखी आली असती. काकांनी फलाटावरची स्वतःची सावली पाहिली. कड सुरीसारखी होती. गाडी हलती म्हणून वेग २५०, त्याच्या हिशेबाने छिद्र अकरा. मग इंजिनाच्या काळेपणाची दया म्हणून काटा अकरा आणि आठच्या मधोमध. खाली मान घालून ते थांबले. या कॅमेऱ्यात उजवं-डावं उलटं दिसतं, त्यामुळे इंजिन येतं एकीकडून आणि काचेत सरकतं दुसरीकडे. नवख्या माणसाचा हात हमखास चुकीच्या बाजूला वळतो. काकांचा वळला नाही. खट्, आणि चावी अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे.

त्यांनी नऊ फोटो काढले आणि झाकण बंद केलं. मी म्हणालो, “अजून तीन आहेत.” ते म्हणाले, “ते उद्याच्या गिऱ्हाईकाचे.” १५ एप्रिल १९९४ला ते इंजिन काढून डिझेलचं लावलं. आता तर ती गाडीही धावत नाही. काकांच्या त्या रोलच्या निगेटिव्हवर आजही नऊ चौकोनांत शकुंतला आहे आणि दहाव्यापासून बाराव्यापर्यंत एक मुलगी. पाहुण्यांना दाखवण्यासाठी काढलेला फोटो : एकदा उभी, एकदा स्टुलावर बसून, एकदा नुसता चेहरा. पडद्यावर रंगवलेला कारंजा आहे. मला ही निगेटिव्ह फार आवडते. धंद्याचा रोल असाच असतो, इंजिन आणि मुलगी एकाच पट्टीवर.

त्यानंतरची दहा वर्षं भरभर गेली. रंगीत रोल आले, ते एसटीने अकोल्याला धुवायला जायचे. मग वाशिमलाच यंत्रं आली. मग रोलच गेले. २००४मध्ये काकांनी डार्करूम रिकामी करून तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवलं आणि याशिका काचेच्या कपाटात गेला, चामड्याच्या केसमध्ये, बटण लावून. फक्त दसऱ्याला बाहेर निघायचा. २००९मध्ये काका गेले. त्यानंतरही आम्ही दरवर्षी तो काढला, केसवर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि परत ठेवून दिला. कॅमेरा केसमधून कुणी काढलाच नाही.

जानेवारी २०१२मध्ये कोडॅक कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केल्याची बातमी वाचली आणि त्या रात्री मी केस उघडली. खालच्या भिंगात आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. बुरशी. आमच्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस हवा ओली असते. चामडं ती ओल धरून ठेवतं, आणि अंधारात, बंद केसमध्ये, न हललेल्या काचेवर बुरशीला हवं ते सगळं मिळतं. फार दिवस राहिली तर ती काचेवरचा लेप खाते आणि मग पुसूनही डाग राहतात. आम्ही आदराने ठेवला होता, आणि त्या आदरानेच त्याला आजारी पाडलं. हे मला फार लागलं. काका असते तर निदान दसऱ्याला तरी त्यांनी तो केसमधून काढून पाटावर उघडा ठेवला असता आणि जाता-येता शटर मारलं असतं.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात दुरुस्तीला दिला. काच साफ झाली, पण शटर जड वाटतंय म्हणून तिथे कुणीतरी आत तेल सोडलं. या शटरची पाती कोरडी असावी लागतात. तेल पात्यांवर पसरतं आणि ती एकमेकांना चिकटतात. महिन्याभरात शटर उघडलं की उघडंच राहू लागलं. शेवटी मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने पाती एकेक करून पेट्रोलने धुतली, कोरडी केली आणि माझ्यासमोर एक सेकंदाचा वेग लावून मला ऐकायला सांगितलं. आतली दातेरी चाकं खर्रर्र करून एकसारखी फिरली पाहिजेत, मध्येच अडखळता कामा नयेत. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत होतो, पण ते तब्येत तपासणं होतं हे तेव्हा कळलं.

तेव्हापासून कॅमेरा माझ्या हातात आहे आणि केस कपाटात. पावसाळ्यात तो रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहतो, सोबत मलमलच्या पुरचुंडीत निळं सिलिका जेल. ओल शोषली की खडे गुलाबी होतात. मग फक्त त्यासाठीच ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचे. आधी काहीच होत नाही, मग कडेचे दोन-चार खडे जांभळे, आणि मग हळूहळू सगळा तवा निळा. बायको म्हणते, साबुदाण्याची खिचडी तू इतक्या लक्ष देऊन कधी परतत नाहीस. दर रविवारी कॅमेरा बाहेर काढून सकाळच्या उजेडात ठेवतो, एक सेकंदापासून ५००पर्यंत सगळे वेग मारतो, आणि ठेवताना शटर सुटलेलं ठेवतो, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही.

मागच्या झाकणाच्या कडेचा काळा स्पंज वितळून डांबरासारखा झाला होता आणि फोटोंच्या कोपऱ्यात उजेड घुसत होता. तो दातकोरणीने खरवडला आणि शिलाई-सामानाच्या दुकानातली काळी मखमली फीत लावली. आजवर उजेड आलेला नाही. प्रकाशमापकाची मूळ बॅटरी पाऱ्याची, १.३५ व्होल्टची. पारा विषारी म्हणून ती आता बनत नाही. साधी १.५ व्होल्टची बसते, पण सुईला प्रकाश जास्त वाटतो आणि फोटो काळे येतात. मला उपाय सापडला तो आईच्या कानाच्या मशीनमध्ये. ६७५ नंबरची बॅटरी १.४ व्होल्टची असते. आकाराने लहान, म्हणून भोवती नळाच्या वायसरसारखी एक रबरी कडी लावायची. तिच्यावरचं चिकटपट्टीचं टिकल काढलं की हवा आत जाते आणि ती जिवंत होते, आणि वापरली नाही तरी दोन-तीन महिन्यांत संपते. औषधाच्या दुकानात सहा बॅटऱ्यांचं पाकीट मिळतं. चार आईला, दोन याशिकाला. आणि तरीही, सुई काय म्हणते ते पाहून मी सावली पाहतोच.

निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटांत घातल्या आहेत, वर पेन्सिलीने गाव आणि अंदाजे साल. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवलेल्या काही पट्ट्या एकमेकींना चिकटून गेल्या, त्या आता सुटत नाहीत. पोहरादेवीच्या यात्रेचा एक अख्खा रोल त्यात गेला.

रोल आता मुंबईहून कुरिअरने मागवतो. महाग पडतो, म्हणून वर्षाला तीन-चारच. सध्या कॅमेऱ्यात जो आहे तो सातव्या फोटोवर आहे. पहिला बालाजी मंदिराचा, दोन सोयाबीन काढणीचे, तीन आईचे, अंगणात बसलेली, कानात मशीन. सातवा दसऱ्याला काढला : पाटावर रिकामी केस, तिच्यावर कुंकू आणि झेंडू. पाच उरलेत. डिसेंबरात सकाळी नळाचं पाणी विसाच्या जवळ येतं आणि बर्फ लागत नाही, तोवर ते होतील. मग धुवेन.