लोखंड तेवढंच, ताकद वेगळी

मुंबईच्या खाडीकाठी मऊ चिकणमातीचे थर असतात. त्यामुळे पुलाचा भार जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांतून, म्हणजे पाइलमधून, खालच्या खडकापर्यंत न्यावा लागतो. 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतूही पाइलवरच उभा आहे. चामुंडी टेकडीच्या ग्रॅनाइटला खेटून वसलेल्या म्हैसुरात खडक अनेक ठिकाणी उथळ लागतो, तिथे ही गरज कमी पडते. पण पाइल आले की कॉलम आणि पाइल यांच्यामध्ये काँक्रीटचा जाड ठोकळा येतो, तो म्हणजे पाइल कॅप. त्यातल्या सळ्यांविषयी साइटवर काही समज घट्ट रुजलेले आहेत.

गैरसमज : वजनाने लोखंड भरलं की झालं, मांडणी कशीही चालते.

रंगाऱ्याची घोडा-शिडी आठवा. तिचे पाय फाकू नयेत म्हणून मध्ये दोरी बांधतात. कॅपमध्येही कॉलमचा भार काँक्रीटच्या तिरक्या पट्ट्यांतून एकेका पाइलकडे उतरतो आणि पाइलचे माथे एकमेकांपासून दूर ढकलू पाहतो. तळाच्या सळ्या म्हणजे ती दोरी, म्हणून ती पाइलपासून पाइलपर्यंत गेली पाहिजे. फ्रान्समध्ये ब्लेव्हो आणि फ्रेमी यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत चार पाइलच्या कॅपमध्ये तेवढंच लोखंड पाइलवर एकवटण्याऐवजी सारख्या जाळीत पसरल्यावर ताकद सुमारे 20 टक्क्यांनी कमी भरली. तीन पाइलच्या कॅपमध्ये नुसत्या काटकोनी जाळीने ती जवळजवळ निम्मी झाली. यात नवल नाही : त्रिकोणाच्या तीन बाजूंना काटकोनी सळ्या नीट जुळणार कशा? 1973 मध्ये इंग्लंडमध्ये क्लार्क यांनाही चार पाइलच्या कॅपमध्ये पाइलवर एकवटलेल्या सळ्यांनी सुमारे 25 टक्के जास्त भार पेलल्याचं दिसलं.

गैरसमज : मग मधली जाळी काढूनच टाकावी.

असं करू नये. सगळ्या सळ्या पाइलवरून जाणाऱ्या पट्ट्यांत कोंबल्या तर मधला तळ उघडा पडतो आणि तिथे भेगा रुंदावतात. मुख्य लोखंड पाइलवरून न्यावं आणि मध्ये हलकी जाळी ठेवावी.

गैरसमज : कॅप कमी जाडीची असली तरी जास्त सळ्या घालून भागतं.

कॅप उथळ झाली की तिरक्या पट्ट्या आडव्या कलतात, ताण वाढतो आणि सळ्या शाबूत असतानाच काँक्रीट चिरू शकतं. अशा वेळी खोलीच वाढवावी लागते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे सळईचं टोक. पाइलच्या माथ्यावर पोचताना तिच्यात बराच ताण शिल्लक असतो. म्हणून ती पाइलच्या पुढे नेऊन नकाशाप्रमाणे वर वळवलेली आहे का, हे काँक्रीट ओतण्याआधी कॅपच्या खड्ड्यात उतरूनच पाहावं लागतं.