कुळाचा शोध आणि आडनावाची साक्ष

स्थानिक इतिहासाची साधने स्वतःच्या घराण्याच्या शोधासाठी कशी वापरावीत, हे या विवेचनात पाहावयाचे आहे. एकोणिसाव्या शतकातील पूर्वजाचा माग काढू लागताच बहुतेकांचे लक्ष प्रथम आडनावाकडे जाते. सावधगिरी हवी ती तेथेच.

त्या काळच्या सामान्य रयतेच्या कागदांत आडनाव पुष्कळदा आढळतच नाही. 'रामजी बिन सखोजी, मौजे अमुक' एवढी ओळख पुरेशी असे. 'बिन' किंवा 'वल्लद' म्हणजे अमुक व्यक्तीचा मुलगा. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावाने हाक मारण्याचे कारण नसते. 'कर' हा प्रत्यय सामान्यतः गाव सोडलेल्या माणसाला चिकटतो. म्हणून असे आडनाव कुळाच्या मूळ स्थानाची, किंवा वाटेतल्या एखाद्या मुक्कामाची खूण असते. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही नावे वतनांवरून आली, तर काही नावे व्यवसायावरून. शाळा, पलटण आणि कचेरी यांच्या नोंदवह्यांनी हे प्रवाही नाव गोठवले.

महात्मा फुले यांचे घराणे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. चरित्रग्रंथांनुसार जोतीरावांचे पणजोबा तेथे चौगुला होते. पुढे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आणि तेथून पुण्यास आले. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे 'फुले' हे नाव रूढ झाले. १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांच्या पणजोबांचा शोध 'फुले' या नावाने कटगुणच्या कागदांत घेणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परतेल. डॉ. आंबेडकरांच्या बाबतीतही तसेच. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी प्रवेशाची नोंद मात्र 'आंबेडकर' या नावाने.

आडनावावरून जात ठरविण्याचा मोहही टाळावा. पवार, मोरे, जाधव, गायकवाड ही आडनावे अनेक जातींत आहेत. एखाद्या राजघराण्याशी नावसाधर्म्य दिसले की घरोघरी वंशावळी तयार होतात. नावांतील साम्य हा रक्तसंबंधाचा पुरावा नव्हे. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. जातपडताळणीसाठी आज अनेक कुटुंबांना पूर्वजांची जुनी नोंद शोधावी लागते, आणि मुलाचा प्रवेश किंवा नोकरी कधी कधी पणजोबांच्या एका ओळीवर अवलंबून असते.

शोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावा. आपल्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, मग सातबारा व आठ-अ, मग जुने फेरफार. वारसाच्या फेरफारात मृताचे नाव आणि वारसांची नाती एकत्र मिळतात, म्हणून तो कागद सर्वांत बोलका. त्याच्या मागे गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील 'कोतवाल बुक', ज्यात जन्ममृत्यूची नोंद होत असे. त्याहून जुन्या काळासाठी इनामांची चौकशी व पेशवे दप्तर यांचे कागद उपयोगी पडतात. अर्थात घराण्याकडे इनाम किंवा वतन असेल तरच. भूमिहीन कुटुंबाचा माग या मार्गाने क्वचितच लागतो. अशा वेळी त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. यात्रेकरूचे नाव, गाव व नातलग त्यांत गावाप्रमाणे वा कुळाप्रमाणे लिहिलेले असतात. कुलदैवत दूरच्या प्रदेशातील असेल तर तीही स्थलांतराची खूण समजावी.

जुने कागद मोडी लिपीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि शब्द जोडून लिहिलेले असतात. त्यामुळे आपल्याला हवे तेच नाव वाचले जाण्याचा धोका असतो. वाचन दुसऱ्या जाणकाराकडून, आपली अपेक्षा न सांगता, तपासून घ्यावे. कालगणनाही जुळवावी लागते: शकात ७८ आणि दख्खनी फसलीत ५९० मिळविले असता इसवी सनाचा आरंभ मिळतो. शके १७८२ व फसली १२७० ही दोन्ही वर्षे १८६०-६१ च्या आसपासची.

या साऱ्या दप्तरात स्त्रिया मात्र फार थोड्या भेटतात. भेटतात त्या 'कोम' या शब्दापुढे नवऱ्याचे नाव लावून. माहेरचे नाव तेथेच पुसले जाते. सातबाऱ्यावरही मुलींची नावे पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली दिसतात. म्हणून पणजीच्या माहेरचा शोध लग्नपत्रिका, आहेराच्या याद्या आणि घरातील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी यांतून घ्यावा, आणि तो आधी घ्यावा. कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत.

सरावासाठी : आपल्या घरातील सर्वांत जुना कागद निवडा. त्यातील प्रत्येक नाव, नाते, गाव व तारीख जशी लिहिली आहे तशीच उतरवून घ्या. कोणती गोष्ट कागद सांगतो आणि कोणती तुम्ही घरात ऐकलेली आहे, हे दोन स्वतंत्र रकान्यांत लिहा. आईच्या आईचे माहेरचे आडनाव त्याखाली नोंदवा. ठाऊक नसल्यास विचारून या.