तांबे कोणाचे?

दहिसर स्थानकात लोकलच्या टपावर जी विजेची तार दिसते, ती तांब्याची असते. हे तांबे जमिनीत असते तेव्हा त्याचा मालक कोण?

आमच्या घरी मालकी म्हणजे सातबारा, एवढेच ठाऊक. परंतु सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव असले तरी जमिनीखालचे खनिज सरकारचे असते. मध्य प्रदेशातही नियम हाच.

देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे आहे. १९५६ पर्यंत बालाघाट व विदर्भ एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीने १९८२ साली हा प्रकल्प उभा केला. शंभर किलो दगडातून जेमतेम किलोभर तांबे मिळते. दगड फोडून, दळून, पाण्यात फेसाळवून खनिज वेगळे करावे लागते. एवढे भांडवल सरकारनेच घातले.

आता कंपनीचे सुमारे दोन तृतीयांश भाग केंद्राकडे आहेत, उरलेले भागधारकांकडे. राज्याला स्वामित्वधन मिळते. मग या भागातील गोंड-बैगा आदिवासींचे काय? खाणग्रस्तांसाठी जिल्हा निधीची तरतूद कायद्यात आली ती २०१५ साली, म्हणजे प्रकल्पानंतर तेहतीस वर्षांनी!

मित्रहो, खाण राष्ट्राची झाली हे योग्यच झाले. परंतु ज्या गावाखालून तांबे निघते, त्या गावाला त्याचा वाटा पोहोचेल तेव्हाच ती मालकी पूर्ण होईल, असे मला वाटते.