सर्फबोर्डाचे फर्मे

समुद्राच्या फुटत्या लाटेवर उभे राहून तिच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळास सर्फिंग व त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फळीस सर्फबोर्ड म्हणतात. या फळीचा आकार ठोकळ्यावर आखण्यासाठी आणि घडण चालू असता तो तपासण्यासाठी प्रत्यक्ष मापाचे जे पातळ, सपाट नमुने वापरतात त्यांना फर्मे असे म्हणतात. शिंप्याच्या कागदी फर्म्याशी त्यांचे साम्य असले, तरी एक भेद महत्त्वाचा आहे. फळीच्या बाह्यरेषेत सरळ भाग जवळजवळ नसतो. ती एकात एक मिसळणाऱ्या सौम्य वक्रांची बनलेली असते. त्यामुळे लांबी-रुंदीच्या नोंदींवरून तोच आकार पुन्हा काढता येत नाही. तो वक्र जसाच्या तसा जपून ठेवावा लागतो. शिवाय घडण ही ठोकळ्यातून द्रव्य काढून टाकण्याची क्रिया असल्याने एकदा जास्त कापले गेलेले परत मिळत नाही. अनुभवी कारागीर नजरेने चूक ओळखतो; घरी पहिलीच फळी घडविणाऱ्यास मात्र सर्वस्वी फर्म्याच्या अचूकतेवर विसंबावे लागते.

ऐतिहासिक आढावा : हवाई बेटांतील प्राचीन फळ्या कोआ, विलिविली इ. वृक्षांच्या लाकडातून दगडी तासणीने नजरेच्या अंदाजाने घडवीत. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फपटूने आतून पोकळ अशा फळीचे एकस्व १९३२ मध्ये मिळविले. कणा व फासळ्या यांच्या सांगाड्यावर पातळ लाकूड बसविण्याच्या या पद्धतीत प्रत्येक भाग आधी आखून कापणे क्रमप्राप्तच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉब सिमन्स व इतरांनी हलके बाल्सा लाकूड, काचतंतू व रेझीन यांचा वापर रूढ केला. १९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियात पॉलियुरेथेन फोमचे साच्यात ओतलेले ठोकळे तयार करण्याची पद्धत बसविली आणि १९६१ मध्ये क्लार्क यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. फोम तासण्यास सोपा असल्याने एक कारागीर पुष्कळ फळ्या घडवू लागला व एकच आकार वारंवार काढण्यासाठी फर्म्यांचे संच आवश्यक ठरले. १९६७-६८ च्या सुमारास फळ्यांची लांबी सु. ३ मी. वरून झपाट्याने कमी होत गेली. आकार सतत बदलू लागल्याने हौशी मंडळी घरीच फळ्या घडवू लागली. पुढे ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्क यांनी आपला कारखाना अचानक बंद केला. अमेरिकेतील बहुतेक कारागीर त्याच्याच ठोकळ्यांवर अवलंबून असल्याने त्यांना अन्य फोमकडे वळावे लागले. साच्यातून निघालेल्या ठोकळ्यात फळीची वक्रता बव्हंशी आयतीच मिळत असे. सपाट लाद्यांतून काम करताना मात्र ती स्वतः कापून काढावी लागते. यामुळे वक्रतेच्या फर्म्यांस पूर्वी नव्हते एवढे महत्त्व आले.

प्रकार : बाह्यरेषेचा फर्मा हा सर्वांत मुख्य होय. तो फळीच्या निम्म्या भागाचाच करतात. ठोकळ्याच्या मध्यातून जाणाऱ्या लाकडी पट्टीवर त्याची सरळ कड ठेवून एक बाजू आखतात व नंतर तोच उलटून दुसरी बाजू आखतात. परिणामी दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. मात्र फर्म्यातील ३ मिमी. ची चूक रुंदीत ६ मिमी. होते. दुसरा प्रकार तळाच्या उभ्या वक्राचा. अग्र व पुच्छ यांकडे तळ किती वर उचललेला आहे हे त्यावरून ठरते. अग्राचा उठाव कमी पडल्यास तीव्र लाटेत फळीचे टोक पाण्यात घुसते. तो फार झाल्यास फळीचा वेग मंदावतो. कडांच्या गोलाईचे व पाण्यात दिशा राखणाऱ्या परांचे फर्मे हे अन्य प्रकार होत. पोकळ लाकडी फळीसाठी कणा व प्रत्येक फासळी यांचे वेगळे फर्मे लागतात. त्यांत वर बसणाऱ्या लाकडाची जाडी आधीच वजा करावी लागते.

पारंपरिक आखणी : मध्यरेषेवर ठरावीक अंतरांवर निम्म्या रुंदीची मापे घेऊन बिंदू मांडतात. सर्वाधिक रुंदी आणि अग्र व पुच्छ यांपासून १ फूट (सु. ३०.५ सेंमी.) अंतरावरील रुंदी ही प्रमुख मापे होत. नंतर बिंदूंजवळ खिळे ठोकून त्यांना टेकवून लाकडाची लवचिक पट्टी वाकवितात व तिच्या कडेने रेघ ओढतात. जहाजबांधणीत आखणीच्या मजल्यावर पूर्ण मापाची चित्रे काढताना हीच युक्ती वापरीत. पट्टी शक्य तितक्या कमी ताणाने वाकत असल्याने तिचा वक्र निसर्गतःच सौम्य येतो. एखादा बिंदू चुकला असल्यास तेथे पट्टी अनैसर्गिकपणे वळते व चूक तत्काळ ध्यानात येते. एका फर्म्याचे अग्र व दुसऱ्याचे पुच्छ घेऊन नवा आकारही जुळविता येतो. सर्वाधिक रुंदीच्या ठिकाणी दोन्ही वक्र मध्यरेषेला समांतर असल्याने सांधा तेथे घेतात.

संगणकीय आखणी व छपाई : या लवचिक पट्टीचेच गणिती रूप संगणकीय आखणीत वापरतात. ‘स्प्लाइन’ हे तिचे इंग्रजी नाव आय. जे. शॉनबर्ग यांनी १९४६ मध्ये गणितात आणले. पॉल द कास्तेल्जो व प्येर बेझ्ये यांनी फ्रान्समधील मोटार उद्योगात नियंत्रक बिंदूंनी वक्र ठरविण्याची रीत विकसित केली आणि ती बेझ्ये यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. अशा आज्ञावलीतून फळीची रेषा प्रत्यक्ष मापात छापून घेता येते. रुंद गुंडाळीवर छापणारे यंत्र उपलब्ध असल्यास संपूर्ण रेषा एकसंध मिळते. घरगुती छपाईयंत्रावर मात्र ती तुकड्यांत छापावी लागते.

उदा., ६ फूट २ इंच (सु. १८८ सेंमी.) लांब व ४९ सेंमी. रुंद फळीच्या अर्ध्या फर्म्याची रुंदी २४.५ सेंमी. असते. ए-४ कागद (२९.७ × २१ सेंमी.) आडवा ठेवून सर्व बाजूंस १ सेंमी. समास सोडल्यास प्रत्येक कागदावर १९ सेंमी. लांबी मावते, म्हणजे दहा कागद व नऊ सांधे होतात. येथे तीन चुका संभवतात. पहिली, मापप्रमाणाची : कागदात बसविण्यासाठी यंत्राने चित्र ९७ टक्के केले, तर फळी सु. ५.६ सेंमी. आखूड व सु. १.५ सेंमी. अरुंद होते. म्हणून चित्राबरोबर १० सेंमी. ची रेघ छापून ती मोजपट्टीने तपासावी. दुसरी, सांध्यांची : प्रत्येक सांध्यात एकाच दिशेने १ मिमी. फरक पडल्यास एकूण ९ मिमी. होतात, कागद किंचित तिरके लागल्यास मध्यरेषाच वाकते. यासाठी जुळणीच्या खुणा छापतात आणि मध्यरेषेवर ताणलेला दोरा धरून पाहतात. तिसरी चूक पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. फर्मा वक्र पृष्ठावर टेकवून आखावयाचा असेल, तर त्याची लांबी वक्राच्या कडेने मोजलेली हवी. अग्राचा उठाव १२ सेंमी. व पुच्छाचा ६ सेंमी. धरल्यास वरील फळीत ही लांबी सरळ मापापेक्षा सु. १.३ सेंमी. जास्त भरते.

फर्मा तयार करणे : जोडलेला कागद सु. ३ मिमी. जाडीच्या हार्डबोर्डवर किंवा प्लायवुडवर चिकटवितात. पाणी असलेली खळ लावल्यास कागद ओल शोषून ताणतो व मापे बदलतात. म्हणून पाणीविरहित चिकटद्रव्य इष्ट ठरते. रेघेच्या २-३ मिमी. बाहेरून करवतीने कापून कड पॉलिश कागदाने रेघेपर्यंत आणतात. कडेवरून बोट फिरविल्यास आणि ती डोळ्यांच्या पातळीवर धरून लांबीच्या दिशेने पाहिल्यास पडद्यावर न दिसलेले उंचवटे कळून येतात. अखेरीस फर्म्यावर मापे, मध्यबिंदू व तारीख यांची नोंद करतात.

ठोकळा कापणे : थर्मोकोल या नावाने परिचित असलेल्या विस्तारित पॉलिस्टायरिनाच्या अधिक घन लादीच्या दोन्ही बाजूंस उभ्या वक्राचे दोन सारखे फर्मे पक्के बसवून त्यांवरून विजेने तापविलेली नायक्रोम तार ओढतात. दोन्ही टोके समान गतीने सरकावीत म्हणून फर्म्यांवर क्रमांकांच्या खुणा करतात. पॉलियुरेथेन फोम तापल्यास विषारी वायू निघत असल्याने तो या रीतीने कधीही कापू नये. पॉलिस्टायरिनावर पॉलिएस्टर रेझीन चालत नाही. त्यातील स्टायरिनाने फोम विरघळतो, म्हणून एपॉक्सी रेझीन वापरतात. तार वापरताना मोकळी हवा आणि फोम घासताना धूळरोधक मुखवटा आवश्यक असतो.

व्यापारी उत्पादनात अनेक ठिकाणी संगणकनियंत्रित यंत्रे फर्म्याविनाच ठोकळा कोरतात. तथापि घरगुती घडणीत फर्म्याचे स्थान टिकून आहे. फळी मोडली वा विकली गेली, तरी फर्मा राहतो. लाटेवर आलेल्या अनुभवानुसार पुढील फळीत एखादा वक्र काही मिलिमीटरांनी बदलून त्याचा परिणाम ताडून पाहता येतो. मात्र छापील रेषा मूळ आखणीइतकीच चांगली असते. तिच्यातील दोष फोमवर उतरण्यापूर्वी, म्हणजे दुरुस्ती शक्य असतानाच, हेरणे हे फर्म्याचे खरे प्रयोजन होय.