माणशी साडेपाच पैसे

२,८०८ कोटी रुपये. आकडा ऐकूनच छाती दडपते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रसार भारतीसाठी, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन मिळून, एवढी तरतूद होती. आता हेच पैसे १४० कोटी लोकांत वाटून बघा. माणशी वर्षाला २० रुपये पडतात आणि दिवसाला साडेपाच पैसे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे हा रोजचा वाटा कुणी हातावर ठेवायचा म्हटलं तरी तेवढं नाणं आज देशात नाही.

हिशेब आपल्या भागापुरता करू. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ३ हजार होती, सांगलीची २८ लाख २२ हजार. माणशी २० रुपयांनी दोन्ही जिल्ह्यांचा वर्षाचा वाटा साडेअकरा कोटींच्या थोडा वर जातो. त्याच २०२३-२४ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, टनाला ३,१५० रुपये होती. त्या दराने हा वाटा जेमतेम ३७ हजार टन उसाचा झाला. दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना तेवढा ऊस साडेसात दिवसांत संपवतो. कृष्णाकाठी हंगाम चार-पाच महिने चालतो, आणि दोन जिल्ह्यांचा वर्षभराचा रेडिओ अन् टीव्ही त्यातल्या एका आठवड्याच्या उसात बसतो!

एवढ्यात मिळतं काय? आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासून बोलतंय. १२५१ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १२ लाख ५१ हजार आंदोलनं. लहरीची लांबी साधारण २४० मीटर, प्रक्षेपकाची ताकद २० किलोवॅट. कोयनेच्या वीजप्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. कागदावर मांडलं तर तेवढ्या विजेत सांगलीसारखे ९८ हजार प्रक्षेपक चालतील. साताऱ्याचं केंद्र १०३.१ मेगाहर्ट्झवर, एफएमवर. आवाज स्वच्छ, पण एफएमची लहर सरळ रेषेत जाते आणि सह्याद्रीचा डोंगर आडवा आला की अडते. मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते. म्हणून जुनी मध्यम लहर मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा वेळी वीज जाते, मोबाइलची बॅटरी उतरते, पण दोन पेन्सिल सेलवरचा रेडिओ चालू राहतो.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून बीबीसीसाठी घरटी वर्षाला १६९.५० पौंड परवाना शुल्क होतं. आपल्या पैशांत साधारण १८ हजार रुपये. आपल्याकडे पाच माणसांच्या घराचे होतात शंभर. तिथले पगार वेगळे, महागाई वेगळी, हे मान्य. पण १८० पटींची दरी तेवढ्याने भरत नाही. परवाना आपल्याकडेही होता. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन नव्याने करून घेतलेली पिढी अजून हयात आहे. १९८० च्या दशकात तो बंद झाला आणि आकाशवाणीचा खर्च श्रोत्याच्या नजरेआड गेला.

पगाराची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. आकाशवाणी-दूरदर्शनवर ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले कर्मचारी कायद्याने केंद्र सरकारचे, प्रतिनियुक्तीवर आलेले मानले जातात. २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या पगाराचा सगळा भार सरकारने उचलायचं ठरवलं आणि बाकीचा खर्च प्रसार भारतीने कमाईतून भागवावा असं सांगितलं. १९८७ साली पंचविशीत लागलेला माणूस २०२२ ला साठीला निवृत्त झाला. अशा निवृत्तांच्या रिकाम्या खुर्च्यांवर बरेचदा नैमित्तिक निवेदक येतात. त्यांना पगार नाही, ड्युटीमागे मानधन, आणि महिन्याला सहापेक्षा जास्त ड्युट्या नाहीत. केंद्राच्या रोज तीन सभा, म्हणजे प्रसारणाची सत्रं, धरल्या तर महिन्याला नव्वद होतात. सभेला एकच निवेदक म्हटलं तरी एक मायक्रोफोन बोलता ठेवायला पंधरा माणसं लागतात, आणि त्या पंधरांपैकी एकाचंही घर त्यावर चालत नाही. ज्या आवाजावर ऐकणारा विश्वास ठेवतो, त्या आवाजाची ही किंमत मला पटत नाही.

माझं मागणं मोठं नाही. माणशी २० चे २५ करा. देशाला ७०० कोटी जास्त लागतील. सातारा-सांगलीच्या वाट्याला येतील २ कोटी ९१ लाख, म्हणजे दिवसाला जवळपास ८० हजार रुपये. ते फक्त आवाजावर खर्चायचे: निवेदकाच्या मानधनावर, आणि रेकॉर्डर घेऊन जतच्या दुष्काळी गावात किंवा पाटणच्या डोंगरवाडीत जाणाऱ्या माणसाच्या एसटीच्या तिकिटावर.