पेंटबॉल: आडोसा, वळसा आणि आरडाओरडा

पेंटबॉलचा पहिला डाव १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या जंगलात झाला. १२ गडी, प्रत्येक जण स्वतःपुरता; हत्यार म्हणजे झाडांवर आणि गुरांवर खुणा करायचं रंगाचं पिस्तूल. जिंकला तो वनकाम करणारा गडी, आणि तोही एकही गोळी न झाडता!

संघाच्या डावात मात्र नुसतं लपून भागत नाही. एकाने गोळ्यांचा मारा चालू ठेवून समोरच्याला आडोशामागे दाबून धरायचं, तेवढ्यात दुसऱ्याने वळसा घालून त्याची उघडी बाजू गाठायची. त्यासाठी सतत ओरडून सांगावं लागतं: शत्रू कुठे आहे, आपला कोण बाद झाला, कुणाच्या गोळ्या संपल्या. नवखे नेमके तेव्हाच गप्प होतात आणि सगळे एकाच पिंपामागे गर्दी करतात. आणि मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली तरी मैदानात तो काढायचा नाही. डोळ्याचा प्रश्न आहे.